सतरा सक एकशे दोन

व्हरमाँट हे नाव 'हिरवा डोंगर' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आलं आहे. जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी तिथे उभं राहिलं की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. बॉस्टनहून गाडीनं साधारण अडीच तास. त्या रविवारी तिथे कव्हर्ड ब्रिजेस हाफ मॅरेथॉन असते. साउथ पॉम्फ्रेटला स्कीच्या टेकडीच्या पायथ्याशी सुरुवात होते, वुडस्टॉक गावातून वाट जाते आणि शेवट क्वीचीला. अंतर १३.१ मैल, म्हणजे २१ किलोमीटर आणि वर थोडं. वाटेत लाल रंगाची गोठाघरं, कुरणं, ऑटाक्वीची नदी आणि एकामागून एक चढउतार. यंदा आपल्या वर्गाचे आम्ही चार पालक त्यात पळलो.

आपल्या वर्गात पालकांना स्वतःची नावं नसतात हे वाचकांना ठाऊक आहेच. तेव्हा चौघांची ओळख अशी : पहिलीतल्या जुळ्यांची आई, तिसरीतल्या मुलाचे बाबा आणि आम्ही दोघं नवराबायको. रविवारी मुलं आत बाराखडी गिरवत असताना बाहेर चहा-चिवड्याबरोबर गप्पा मारायच्या, हा आमचा जुना कार्यक्रम. दोन वर्षांपूर्वी त्या गप्पा चालता चालता करायला लागलो आणि मग पळता पळता. त्याचं कारणही सांगतो. तिसरीतल्या बाबांना मधुमेह आहे आणि ते इन्सुलिन घेतात. आपल्या भारतीय लोकांना मधुमेह आणि हृदयविकार पुष्कळदा कमी वयात गाठतात. त्यांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि एकट्यानं जायचा त्यांना कंटाळा, म्हणून आम्ही सोबत निघालो.

आता मुलांसाठी थोडं गणित. ७० किलो वजनाचा माणूस १०० मीटर उंच चढला तर ७० गुणिले ९.८ गुणिले १००, म्हणजे ६८,६०० ज्यूल काम होतं. त्याचे झाले सुमारे १६ कॅलरी. शरीराचं यंत्र खाल्लेल्यापैकी पाव भागच कामाला लावतं असं धरलं तरी हिशेब ६५ च्या आसपास येतो, म्हणजे एका पोळीपेक्षाही कमी! मग चढावर जीव का निघतो? कारण प्रश्न किती काम केलं हा नसून किती वेळात केलं हा आहे. तोच चढ निम्म्या वेळात चढायचा तर हृदयाला दुप्पट वेगानं पुरवठा करावा लागतो. म्हणून डोंगराळ रस्त्यावर घड्याळाकडे बघून पळायचं नसतं, श्वासाकडे बघून पळायचं. पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर, शब्द तुटायला लागले तर वेग कमी करायचा, अशी एक सोपी कसोटी आहे. आम्ही वाक्यांऐवजी पाढे घेतले. तिसरीतले बाबा पाढ्यांत पक्के. ते म्हणायचे आणि आम्ही मागून ओढायचं.

सुरुवातीचे मैल मजेत गेले. वुडस्टॉकचं बिलिंग्ज फार्म १८७१ सालचं आणि जर्सी गाईंसाठी प्रसिद्ध. टाफ्ट्सव्हिलचा लाल छपराचा पूल तर १८३६ सालचा! २०११ च्या ऑगस्टमध्ये आयरीन वादळात नदीला पूर आला आणि त्या पुलाचं बरंच नुकसान झालं. दुरुस्त होऊन तो २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाला. पुलाला छप्पर कशाला, असं मुलं नेहमी विचारतात. आतला लाकडी सांगाडा पावसानं कुजू नये म्हणून. बर्फापासून बचाव म्हणून म्हणाल, तर उलट हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्या जाव्यात म्हणून पुलावर बाहेरून बर्फ आणून पसरत असत.

नऊ मैल झाले तेव्हा अडीच तासांच्या आत पोहोचायचा आमचा बेत नीट चालला होता. पुढे एक चढ लागला. सतराचा पाढा चालू होता. "सतरा पाचे पंच्याऐंशी," बाबा म्हणाले, "सतरा सक..." आणि थांबले. पुन्हा "सतरा सक..." पुढे काही येईना. आम्हाला आधी वाटलं, दम लागला. पण दम त्यांना फारसा नव्हताच. चेहऱ्यावर घाम होता आणि नजर कुठेतरी भलतीकडे. जुळ्यांच्या आईनं त्यांचा दंड धरून त्यांना रस्त्याच्या कडेला कुंपणाशी बसवलं. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजू लागला. दंडावर लावलेल्या साखरेच्या सेन्सरचा तो इशारा. आकडा ६२ आणि बाण खाली. पळताना सेन्सर थोडा मागे असतो, म्हणून आम्ही बोटाला टोचून पाहिलं तर ५८.

साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटं थांबून पुन्हा बघायची, हा नियम आम्ही चौघांनीही पाठ केला होता. कमरेच्या पट्ट्यातून ग्लुकोजच्या चार गोळ्या काढून त्यांना चघळायला दिल्या आणि वाट बघत राहिलो. पंधरा मिनिटं किती मोठी असतात! शेजारून शेकडो माणसं पुढे जात होती आणि जवळजवळ प्रत्येक जण "ठीक आहात ना?" असं विचारत होता.

दुसरी काळजी वेगळीच होती. त्यांच्या साखरेचा आकडा क्वीचीला थांबलेल्या त्यांच्या बायकोच्या फोनवरही दिसतो. तिकडे ६२ दिसला आणि मग इकडचं नेटवर्कच गेलं. तिसरीतला मुलगा तो आकडा बघत उभा असणार हे आम्हाला कळत होतं. समोरच्या घरातल्या आजीबाई अंगणात पाण्याचा पाइप घेऊन उभ्या होत्या. त्यांना सांगताच त्यांनी आम्हाला थेट स्वयंपाकघरातल्या फोनपाशी नेलं. पण नंबर? बाबांना त्या क्षणी सांगता येईना आणि आम्हाला पाठ नव्हता. छातीवरच्या क्रमांकाच्या कागदामागे घरच्यांचा नंबर लिहायची जागा असते, तिथे त्यांनी तो लिहिलेला होता. फोन मुलानंच उचलला. आम्ही जे घडलं ते सगळं सांगितलं, अगदी पाढ्यासकट.

पंधरा मिनिटांनी आकडा ८१. मग गुळाच्या चिक्कीचे दोन तुकडे. १०० च्या वर जाईपर्यंत पळायचं नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं होतं. आता बाबांची नजर नेहमीसारखी झाली आणि ते म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा. माझ्यामुळे वेळ घालवू नका." यावर आमच्यात कुणी भाषण केलं नाही. आमच्यात सगळ्यांत वेगानं पळणारी जुळ्यांची आई, चार महिने पहाटे साडेपाचला उठून सराव केलेली. ती गवतात बसली आणि तिनं बुटांच्या नाड्या सोडल्या. आम्हीही बसलो. सात मिनिटांनी आकडा ११२ झाला. "बघा, मी येतोच," असं म्हणून बाबा आपण होऊन उठले.

पुढचे चढ आम्ही चालत गेलो आणि सपाटीवर हळू पळालो. उतारावर मात्र आवर घालावा लागला. उतारावर मांडीचा स्नायू लांब होत असतानाच ब्रेक लावत असतो. त्याचीच वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना होते. वेळ लागला तीन तासांना चार मिनिटं कमी.

शेवटच्या रेषेपलीकडे तिसरीतला मुलगा उभा होता. त्यानं बाबांना मिठी मारली नाही, पदकही बघितलं नाही. हात मागे बांधून गुरुजींसारखा त्यानं प्रश्न टाकला, "सतरा सक?"

"एकशे दोन," बाबा म्हणाले. मग मात्र तो त्यांना असा बिलगला की सोडेचना.

ज्या पालकांना आमच्याबरोबर यायचं असेल त्यांनी जरूर यावं. तीनच अटी आहेत. आधी डॉक्टरांना विचारावं, क्रमांकाच्या कागदामागची जागा कोरी ठेवू नये आणि निदान वीसपर्यंतचे पाढे पाठ असावेत. पाढे घरी कुणाकडून म्हणून घ्यायचे, ते मुलं सांगतीलच.