फोर्टातली वजावट

तट. मुलं पहिल्यांदा तोच मागतात. मुंबईच्या फोर्टात आणलंय म्हटल्यावर चढायला भिंत हवी, तोफ हवी. तट 1860च्या दशकात गेला. गव्हर्नर बार्टल फ्रिअरने पाडायला लावला. एक तुकडा सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या बाजूला उरलाय. नातवाने त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवढाच?"

पुठ्ठ्याचं तिकीट. जाड, बोटाएवढं, मुठीत मावणारं. हरवू नकोस म्हणून बजावलं की मूल व्हीटी स्टेशन येईपर्यंत ते घामेजल्या मुठीत घट्ट धरून बसायचं. तेवढा वेळ शांतता. आता तिकीट माझ्या मोबाइलमध्ये असतं आणि मुलांचे हात रिकामे, म्हणजे माझ्या खिशात.

फलाटावरचं वजनाचं यंत्र. रंगीत दिवे, गरगरणारी चक्री, नाणं आत पडल्याचा खणखणाट, मग खटकन बाहेर येणारा पुठ्ठा. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. माझ्या मुलीला सहाव्या वर्षी नोकरीत बढतीचा योग निघाला होता.

दगडी सिंह आणि दगडी वाघ व्हीटीच्या फाटकाच्या खांबांवर जागच्या जागी आहेत. ते वजावटीत धरत नाही.

पाणपोई. हिच्यापाशी जरा थांबावं लागतं. व्हीटीचा आराखडा करणाऱ्या फ्रेडरिक स्टीव्हन्सनेच मिंट रोडच्या नाक्यावर एक पाणपोई उभी केली. पैसे रतनसी मुळजी या व्यापाऱ्याचे. त्याचा एकुलता एक मुलगा धरमसी पंधराव्या वर्षी वारला, त्याच्या नावाने. सगळ्यात वर त्या मुलाचाच पुतळा आहे. नातीला पुतळे कंटाळवाणे वाटतात, कारण सगळे मिशीवाले. हा मात्र मुलगा निघाला, म्हणून ती थांबली. त्याची शाळा कुठली, त्याला भाऊ होता का, तो कशाने गेला, अशी चौकशी झाली. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. मग तिला तहान लागली. बापाने पोराच्या नावाने वाटेवरच्या कुणालाही पाणी पाजावं, असा त्या काळचा रिवाज होता आणि शहरभर अशा पाणपोया होत्या. बहुतेक कोरड्या पडल्या. काहींची अलीकडे डागडुजी झाली, दगड घासून लखलखीत केले. आम्ही बाटली विकत घेतली. भिखा बेहरामची विहीर 1725 पासून गोडं पाणी देते आहे, पण तिथे आत पारशांनाच जाता येतं.

लाखेचा वास. जीपीओत, 1913च्या त्या घुमटाखाली आणि बाहेर. कापडात शिवलेलं पार्सल, मेणबत्तीवर वितळणारी लाख, तिच्यावर दाबलेला शिक्का. समोर पेटी घेऊन बसलेले पत्रलेखक, ज्यांना अर्ध्या मुंबईच्या घरच्या गोष्टी ठाऊक असत. तार 2013च्या जुलैत बंद झाली. ती मात्र मुलांना समजावून सांगता येत नाही. "म्हणजे मेसेजच ना?" यापुढे गाडी सरकत नाही.

टाइपरायटरचा कडकडाट, कोर्टाबाहेरच्या फुटपाथवरचा.

ट्राम. 31 मार्च 1964 ला शेवटची धावली. फ्लोरा फाउंटनपाशी खोदकामात तिचे रूळ सापडले. फाउंटन 1864चं, आता स्वच्छ झालंय, पांढरंशुभ्र. बघता येतं, पाण्यात हात घालता येत नाही.

डबलडेकरच्या वरच्या मजल्यावरची पहिली सीट. 1937 मध्ये सुरू झालेल्या या गाड्यांपैकी शेवटची साधी डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला निघून गेली. विजेवरच्या नव्या गाड्या आल्या आहेत, गारेगार आहेत, पुढची सीटही आहे. काच बंद. पूर्वी त्या सीटवर तोंडावर वारा यायचा, पावसाचा सपकारा यायचा आणि झाडाची फांदी खरोखर हाताला लागायची. आई मागून ओरडायची, तेही त्या भाड्यातच. कंडक्टरच्या चिमट्याची टकटक वेगळी धरायची. मुलं तो चिमटा मागायची आणि एखादा भला माणूस जुन्या तिकिटावर एक भोक पाडू द्यायचा.

प्रीमियर पद्मिनी टॅक्सी. तीही 2023चीच वजावट, ऑक्टोबरअखेर.

काळा घोडा. मूळचा पुतळा राजा सातव्या एडवर्डसकट 1965 मध्ये भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. 2017 मध्ये जागेवर नवा घोडा आणला, त्याच्यावर स्वार नाही. मोठ्या माणसांना यात इतिहासाचा न्याय वगैरे दिसतो. नातवाने जागा रिकामी आहे एवढंच पाहिलं आणि मला उचलून बसव म्हणाला. चौथरा उंच आहे.

समोरच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर बसायचे, त्या खिडकीतून हा सगळा नाका त्यांच्या कवितेत गेला. वेसाइड इन नाही. समोवार कॅफे 2015 मध्ये बंद झालं, गाण्यांचं ऱ्हिदम हाउस 2016, स्ट्रँड बुक स्टॉल 2018. स्ट्रँडमध्ये पुस्तक उभ्याउभ्या चाळलं तर कोणी हटकत नसे, मग ते चाळणारा सात वर्षांचा का असेना.

दुपारची गर्दी. ऑफिसं वांद्रे-कुर्ला संकुलात गेली, तशी ती पातळ होत गेली. गर्दीबरोबर तिच्या पोटावर जगणारं बरंच काही गेलं: उसाचा रस, पेनं दुरुस्त करणारा, डब्यांच्या हातगाड्यांचा खडखडाट. डबेवाले आहेत, पण करोनानंतर कमी झालेत. मावळाकडची ती मराठी आता फोर्टात क्वचित कानावर पडते.

1995च्या वारसा नियमावलीने इथले दगड वाचवले. हे मोठंच काम झालं, नाहीतर आज काचेचे डबे बघत फिरावं लागलं असतं. पण त्या नियमावलीत बाकडं, नळ, चिमटा यांना रकाना नाही. इमारतीचं तोंड राखलं जातं. त्या तोंडाशी जो व्यवहार चाले, तो कुणाच्याच खात्यात नाही. आणि साडेतीन फुटांच्या माणसाचा संबंध मुळात त्या व्यवहाराशीच येतो. त्याला गॉथिक कमान दिसत नाही, तिच्याखालची सावली आणि बसायला कट्टा दिसतो. डी. एन. रोडच्या कमानीखालची वाट त्याला म्हणूनच आवडते, तिच्यामुळे पावसात भिजायला होत नाही आणि टोपलीतली खेळणी नेमकी त्याच्या उंचीवर असतात.

इराण्याची मोरी. ही नोंद कुणी करत नाही, म्हणून करतो. संगमरवरी टेबलं, लाकडी खुर्च्या, बरणीतली बिस्किटं यांवर लोकांनी पुष्कळ लिहिलंय. पण लहान मूल घेऊन फोर्टात हिंडणाऱ्याला खरा आधार होता तो आतल्या मोरीचा. एक चहा मागवला की पोराला आत न्यायला मज्जाव नसे. भिंतीवर पंचवीस गोष्टींना मनाई केलेली असायची, ही त्यांत नव्हती.

नातवाला घाई झाली ती हॉर्निमन सर्कलच्या कमानींखाली. जवळपास इराणी दिसेना. एका बँकेच्या दारात गेलो, तर रखवालदार साताऱ्याकडचा निघाला. "न्या हो आजोबा, लेकराला कसला आलाय नियम," म्हणाला आणि दार उघडून धरलं.

घरी आजीने विचारलं, काय काय पाहिलंत रे? नातीने दगडी मुलाचं सांगितलं. नातू म्हणाला, "बँक. आतून."