परमाणू, रेणू आणि दोन वेगळी खाती



दशलक्षण पर्वात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय होतो. पाचव्या दिवशी पाचवा, म्हणजे अजीव तत्त्वाचा. परमाणू जोडले जाऊन स्कंध कसा होतो, ते आचार्य उमास्वामींनी त्यात सांगितलं आहे. स्निग्धपणा आणि रूक्षपणा यांमुळे बंध होतो. गुण अगदी जघन्य असेल तर होत नाही, समान अंश असतील तरी होत नाही. दोन अंशांचा फरक लागतो. हा अध्याय झाला की संध्याकाळी मोबाइलवर ठरलेला मेसेज फिरू लागतो: विज्ञानाने आज शोधलं, ते आपल्याकडे आधीच होतं!

माझ्या धाकट्या भावाची मुलगी फिजिक्समध्ये एम.एस्सी. करते. मागच्या वर्षी तो मेसेज वाचून तिने विचारलं, "आत्या, हे कुणी तपासलंय का?" त्यानंतर ती स्वाध्यायाला फिरकली नाही. मला ते लागलं. मी तिला म्हटलं, "मग तूच सांग, आज परमाणू कसे जोडतात ते." मी बी.कॉम. झालेली बाई. पण तिने सांगितलं ते मला कळलं, आणि फार आवडलंही.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या बोल्डर गावी जिला नावाची संशोधन संस्था आहे. तिथे २००८ मध्ये डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाने पोटॅशियम आणि रुबिडियम यांचे अणू जोडून अतिशीत रेणू तयार केले. अतिशीत म्हणजे किती? उणे २७३.१५ अंश सेल्सियस हे थंडीचं शेवटचं टोक. त्याच्या वर एका अंशाचा जेमतेम अठ्ठावीस लाखावा भाग, इतकंच त्या वायूचं तापमान होतं. भांड्याची भिंत लागली तरी तो तापेल, म्हणून निर्वात पोकळीत प्रकाशाच्या झोतानेच त्याला धरून ठेवतात.

अणू लेसरने थंड करता येतात. रेणू मात्र फिरतो, आतल्या आत थरथरतो, त्यामुळे त्याला तसं थंड करणं फार अवघड. म्हणून या मंडळींनी आधी अणू थंड केले आणि मग जोडले. पण जोडताना ऊर्जा सुटते. कळीचा चुना पाण्यात टाकला की भांडं कसं तापतं! या बंधातून सुटणारी ऊर्जा तापमानाच्या मापात मांडली तर सुमारे ६,००० केल्विन भरते, जवळजवळ सूर्याच्या पृष्ठभागाइतकी. ती तिथेच उष्णता म्हणून राहिली तर सगळी थंडी वाया.

यावरची युक्ती मला जमाखर्चासारखी वाटली. आधी चुंबकीय क्षेत्र हळूहळू बदलत एका ठरावीक किमतीपाशी आणतात. तिथे दोन अणू अगदी सैल जोडले जातात, हलक्या हाताने घातलेल्या टाक्यासारखे. मग दोन लेसर. एक अवरक्त, तो ऊर्जा देतो. दुसरा लाल, त्याच्या झोतात रेणू ऊर्जा परत करतो, आणि घेतली त्याहून जास्त परत करतो. जास्तीची ऊर्जा म्हणजे नेमकी बंधातून सुटणारी ऊर्जा. ती प्रकाशाबरोबर निघून जाते, वायू तापत नाही. गंमत म्हणजे दुसरा लेसर पहिल्याच्या आधी लावावा लागतो. वसुलीची सोय आधी, उधारी नंतर! त्यामुळे मधल्या अस्थिर पायरीवर रेणू थांबतच नाही.

इतक्या थंडीत सगळं गोठून निश्चल होईल असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. २०१० मध्ये त्याच गटाने दाखवलं की हे रेणू जवळ आले की त्यांच्यात रासायनिक क्रिया होते. सगळे रेणू हुबेहूब एकाच अवस्थेत असतील तर ते एकमेकांपासून दूर राहतात आणि क्रिया मंदावते. दोन वेगळ्या अवस्थांतले मिसळले की तिचा वेग दहा ते शंभर पट होतो.

समान असतील तर जुळत नाहीत! इथे माझाही हात मोबाइलकडे जाऊ पाहत होता. पण शास्त्रातला परमाणू अविभाज्य आहे. प्रयोगशाळेतल्या अणूच्या पोटात केंद्रक आहे, इलेक्ट्रॉन आहेत. स्निग्ध-रूक्ष हे स्पर्शगुण आहेत; तिथला हिशेब चुंबकीय क्षेत्राचा आणि लेसरचा. डेबोराबाईंचं आडनाव 'जिन' आहे म्हणून त्या काही आपल्या होत नाहीत, ते चिनी आडनाव आहे. शब्द सारखा वाटला म्हणून नातं जोडायचं नसतं.

या बाई २०१६ साली कर्करोगाने गेल्या, अवघ्या सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांचं श्रेय एका मेसेजने आपल्या खात्यावर ओढणं अचौर्यात बसतं का, तुम्हीच सांगा. आणि विज्ञान उद्या आपलं म्हणणं सुधारेल, तो त्याचा स्वभावच आहे. मग त्याच्या आधाराने उभं केलेलं शास्त्र आपण कुठे ठेवणार?

आचार्यांनी पुद्गल समजावला तो जीव त्याहून वेगळा आहे हे कळावं म्हणून. बोल्डरला रेणू केले ते पदार्थाचे नियम तपासायला. दोन्ही खाती खरी आहेत, पण त्यांची बेरीज एका पानावर करू नये. यंदा पाचव्या दिवशी तो मेसेज आला तर पुढे पाठवू नका. घरातल्या शिकत्या मुलींना जवळ बसवा, अध्याय आपण समजावून सांगा आणि विज्ञान त्यांच्याकडून समजून घ्या. मुली स्वाध्यायात टिकतील त्या अशानेच.