नाव घातलेली भांडी

बदाम नकोत. ब्राह्मीचं तेल, शंखपुष्पीचं सिरप, सुडोकूची पुस्तकं, चित्रं जुळवायचे ठोकळे, यातलंही काही नको. विसरायला लागलेल्या माणसासाठी नातेवाईक जे उचलून आणतात, त्यात बहुतेक वेळा एक हुकूम दडलेला असतो: हे घे आणि बरी हो. पी हळद अन् हो गोरी. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिपोकॅम्पस लवकर झिजायला लागतो, नवी आठवण रुजायची ती तिथेच, आणि ती झीज बदामांनी भरून निघत नाही हे पाकीट घेऊन येणाऱ्यालाही बहुधा ठाऊक असतं. तरी बदाम येतात. आत्याकडे आलेले सगळे बदाम तिच्या नातवाने खाल्ले. त्याची स्मरणशक्ती उत्तम आहे.

फोटोंच्या अल्बमशी माझं वाकडं नाही. पण तो मांडीवर उघडला की शेजारी बसलेला माणूस एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून विचारतो, "हा कोण, सांग बरं?" झाली तोंडी परीक्षा सुरू. आत्याच्या कराडच्या घरात येणाऱ्या निम्म्या पाहुण्यांचं पहिलं वाक्य "मला ओळखलंस का?" हेच असतं. नाही ओळखलं, असं तोंडावर सांगणं आत्याला अजूनही जमत नाही. भिडस्तपणा आठवणींपेक्षा चिवट असावा. ती हसते आणि म्हणते, "अगं, तुला कशी विसरेन?" पुरुषालाही कधीकधी 'अगं'च म्हणते.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु'मध्ये मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृत पंडित हत्तीमागोमाग चालत निघून जातात आणि माहुताच्या बायकोकडे येऊन पोचतात. ती चन्नम्मा कानडी बोलणारी. हे गृहस्थ कोण, किती शिकलेले, तिला काही माहीत नाही, आणि त्यांना सांभाळायला तिला ते माहीत असावंही लागत नाही. सिनेमा पाहताना मला तिचा हेवा वाटला होता. नातेवाईकाला ही सोय नसते.

भाऊबीज जवळ आली की एक म्हण डोक्यात घोळायला लागते: या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून ती इतक्यांदा वाचली होती, की तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. आता पाहतो तर त्यातले दोन्ही हात देणाऱ्याचेच आहेत. घेणाऱ्याच्या हातांबद्दल म्हण गप्प. देणाऱ्याने विसरावं, एवढंच तिचं म्हणणं. घेणाऱ्याने लक्षात ठेवावं हे इतकं गृहीत, की ते सांगायची गरजही कुणाला वाटली नाही. पण घेणारीच विसरली तर? मग देणाऱ्याने विसरायचं, की तिच्या वाटचंही आपणच लक्षात ठेवायचं?

शिवाय त्या हाताला कळत नाही हे तरी कुठे खरं आहे? आमच्याकडे श्राद्धाला दक्षिणा देताना अण्णा, म्हणजे माझे वडील, उदक सोडायचे. उजव्या हातात दक्षिणा आणि पळी डाव्या हातात. पाणी सोडायचं काम डाव्याचं. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं तोच साक्षीला बसलेला. नैवेद्य दाखवताना डोळ्यांवर जातो तोही डावाच, पण तिथे तो स्वतः झाकतोय की आपल्याला झाकतोय, देव जाणे.

त्यात मी डावखुरा. प्रसादाला डावा हात पुढे केला की आत्या त्यावर चापट मारून उजवा पुढे करायला लावायची. घेणं-देणं उजव्याने, लिहिणं मात्र डाव्याने, अशी शेवटी तडजोड झाली. उजव्या हाताची माणसं ज्या हाताने देतात त्याच हाताने त्याचा हिशेब वहीत लिहितात, म्हणजे त्यांची म्हण कागदोपत्री तरी मोडत नाही. त्या हाताला कळण्याचा प्रश्नच येत नाही. माझा देणारा हात वेगळा आणि लिहिणारा वेगळा. म्हण काटेकोर पाळायची तर मी कुणाला काही दिल्याचं लिहूच शकत नाही. आणि हे मी आत्ता लिहितोच आहे.

आत्या लिहायची, आणि उजव्या हाताने. तिच्याकडे आहेराची वही होती. लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत. कुणाकडून काय आलं ते डावीकडे, आणि उजवीकडच्या रकान्यात परत काय गेलं ते. स्टीलचा डबा आला तर सहा महिन्यांनी त्या घरी काचेचे पेले गेले. रोख आली तर रोख गेली, वर भाववाढ धरून. उजवा रकाना भरला की आत्या त्या ओळीवर बारीक रेघ मारायची. वहीत न लिहिलेली माणसं किती जवळची असतील, असा विचार मी तेव्हा करायचो. पुढे कळलं की सर्वांत जवळच्या माणसांचीच पानं सर्वांत भरलेली होती.

ब्लाऊज पीस शिवण्यासाठी असतात हे मला फार उशिरा समजलं. 80 सेंटीमीटरचा तुकडा, आत पुठ्ठा, वर दुकानाचं स्टिकर. हळदीकुंकवाला एका ओटीतून येतो, कपाटातल्या पिशवीत काही दिवस राहतो आणि दुसऱ्या ओटीत निघून जातो. ज्या घरून आला तिथेच परत जाऊ नये म्हणून आत्या पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने त्या घराचं आद्याक्षर टिपून ठेवायची. एकदा तिच्याच अक्षरातली खूण असलेला हिरवा पीस शनिवार पेठेतून निघून कुठे कुठे फिरून तिच्याच ओटीत परत आला. वाईट वाटण्याऐवजी ती इतकी खूश झाली, की चार घरी जाऊन दाखवून आली. मॅलिनोव्स्कीने ट्रोब्रियांड बेटांवरच्या 'कुला'वर 1922 साली एक मोठं पुस्तक लिहिलं. शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, शंखाची कडी उलट दिशेने. माणसं होड्या घालून समुद्र ओलांडतात, वस्तू घेतात, काही काळ मिरवतात आणि पुढे देतात. फार दिवस ठेवून घेणाऱ्याची नाचक्की. कराडात समुद्र नव्हता, आणि तिथले ब्लाऊज पीस कोणत्या दिशेने फिरत हे कुणी तपासलेलं नाही. बाकी मला फारसा फरक दिसत नाही. एकाही पिसाचा ब्लाऊज झाला नाही यात त्या पिसाचं काय बिघडलं?

भांड्यांचं वेगळं. ती फिरू नयेत म्हणून त्यांच्यावर नाव घालतात. दुकानात भांडं घेतलं की मालक विचारायचा, "नाव काय घालायचं?" आणि कर्र आवाजाच्या त्या यंत्राने सप्रेम भेट, तारीख, देणाऱ्याचं नाव असं सगळं डब्याच्या पोटावर कोरून द्यायचा. या हाताचं त्या हाताला कळू नये असं शिकवणाऱ्या समाजाने पिठाच्या डब्यावर कायमचा पुरावा ठेवायची सोय केली. आत्याच्या मांडणीवर हे सगळं शाबूत आहे. तिला माणसं आठवत नाहीत, पण वाचता येतं. दुपारी भांडी पुसता पुसता ती नावं वाचते, मोठ्याने, हजेरी घेतल्यासारखी. त्यातली बहुतेक माणसं आता नाहीत. एका डब्यावर अण्णांचं नाव आहे, 1968 सालचं. तो डबा हातात आला की ती दोनदा वाचते. की मीच दोनदा ऐकतो?

अण्णा गेल्यापासून भाऊबीजेला मी जातो, आणि ती मलाच अण्णा समजते. दादाने, तिच्या मुलाने, सुरुवातीला तिला सांगून पाहिलं, की अण्णामामा गेले, हा त्यांचा मुलगा. प्रत्येक वेळी ती बातमी नवी. आयोवा विद्यापीठाच्या 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अल्झायमरच्या 17 रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले होते. पाहिलेलं थोड्याच वेळात विसरलं, भावना मात्र मागे रेंगाळली, आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख जास्त टिकलं. म्हणून आता कुणी काही सांगत नाही. मी अण्णा होऊन पाटावर बसतो. तिला वार विचारा, सांगता येणार नाही. पण औक्षण बिनचूक: कुंकू, अक्षता, सुपारी आणि अंगठी, मग निरांजन. हातांनी आयुष्यभर गिरवलेल्या गोष्टी मेंदूत वेगळ्या वाटेने साठतात आणि मागाहून पुसतात, असं म्हणतात ते इथे दिसतं.

तेव्हा हातांना काहीतरी द्यावं, हे मला पटतं. तिला वाती वळायला कापूस नेला तर ती तासभर बसते. फुलवाती सुरेख होतात. वहिनी त्यातल्या थोड्या पुन्हा पिंजून ठेवते, दुसऱ्या दिवशीसाठी. शेंगा फोडणं, मटार सोलणं हेही चालतं. पुढे हुकांऐवजी वेल्क्रो असलेला गाऊन, न घसरणारी चप्पल, रात्री बाथरूमकडे जाताना आपोआप लागणारा दिवा. बॉस्टनमधला एक लहानसा प्रयोग 2004 साली प्रसिद्ध झाला, जेमतेम नऊ रुग्णांवरचा. भडक लाल ताटल्या-पेल्यांतून वाढल्यावर त्यांचं खाणं 25 टक्क्यांनी आणि पिणं 84 टक्क्यांनी वाढलं. या आजारात रंगांमधला फरक नीट दिसेनासा होतो, पांढऱ्या ताटलीत पांढरं अन्न हरवतं. हे वाचल्यावर आत्याचा दहीभात आठवला, आणि ट्यूबलाइटखाली चकाकणारं तिचं स्टीलचं ताट. लाल मेलामाइनची ताटली घ्यायची ठरवली. मग लक्षात आलं, तिच्यावर नाव कोरता येत नाही. उपयोगाची आहे त्या ताटलीला नाव नाही, आणि नाव घेईल ते ताट उपयोगाचं नाही. आणि समजा कोरता आलं असतं, तर कुणाचं कोरलं असतं? माझं नाव तिने अनोळखी म्हणून वाचलं असतं. अण्णांचं घालावं तर तारखेचं काय करायचं?

ती स्वतः काय देते, याचा कुणी फारसा विचार करत नाही. वही कपाटात पडून आहे, पण आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही हे पक्कं आहे. चमचा, टीव्हीचा रिमोट, एकदा स्वतःच्या गोळ्यांची पट्टी. शेवटी वहिनीने जुने ब्लाऊज पीस एका पिशवीत घालून तिच्या खुर्चीला लटकवून ठेवले. आत्या ते देते, माणूस वाकून घेतो, आणि निघताना दारापाशी वहिनीच्या हातात परत ठेवतो. रात्री पिशवी पुन्हा भरते. कुरिअरवाला पोरगाही आता हे शिकला आहे. ही फसवणूक आहे का, असं मी वहिनीला विचारलं, तेव्हा ती कुकर लावत होती. म्हणाली, "भाऊजी, रिमोट शोधण्यापेक्षा बरं." मलाही तेच बरं वाटतं, पण ती एकदा तरी म्हणाली, की हा पीस मी आधी पाहिलाय, तर काय सांगायचं, हे मला सुचत नाही. कदाचित तसं तिने म्हणावं अशीच माझी इच्छा आहे.

कारण उपयोगाच्या वस्तूंची आमच्याकडे कधीच पद्धत नव्हती. अण्णा दर भाऊबीजेला साडी न्यायचे आणि आत्याला ती दर वर्षी आवडायची नाही. रंग फिका, काठ लहान, पोत जाड. "अण्णा, तुला दुकानदार बरोबर ओळखतो," असं ती म्हणायची. अण्णा चिडायचे, पुढच्या वर्षी पुन्हा स्वतःच निवडायचे. आता मी काहीही ठेवलं तरी ती "छान आहे" म्हणते. कापूस छान आहे, चप्पल छान आहे. वेल्क्रोचा गाऊनही छान आहे. एवढं समाधान मला सहन होत नाही, आणि आजारी माणसाने आपल्याला नावं ठेवावीत अशी अपेक्षा करणं हा कुठला न्याय, तेही कळत नाही.

वहिनीला काय हवं ते तिने फोनवर सांगितलं आहे: बाथरूमच्या भिंतीला धरायचा दांडा, मोठ्या माणसांच्या डायपरची दोन पाकिटं, आणि मी दोन रात्री राहायचं, म्हणजे तिला सलग झोपता येईल. तिन्हींतलं शेवटचं खरं महाग आहे, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. हे सगळं न्यायचंच. पण त्यातलं काहीही ताम्हणात ठेवता येत नाही, आणि औक्षण झाल्यावर आत्या ताम्हण पुढे धरून थांबते. 2016 नंतरची पाचशेची नोट तिला नोट वाटत नाही; गेल्या खेपेला तिने ती उलटसुलट करून पाहिली आणि हळूच माझ्या खिशात परत घातली. रुपयाचं नाणं ठेव, असं दादा म्हणतो, वाजतं तरी. तिला काय कळणार आहे, असंही म्हणतो. दादाचं म्हणणं चूक आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही, बरोबर आहे असंही नाही. शिवाय नाणं ठेवायचं तर ते अण्णांकडून की माझ्याकडून, आणि कपाटात पडून असलेल्या वहीत ते कुणाच्या पानावर जाणार, हे मी कुणाला विचारावं?