पंचावन्नाव्या वर्षीं

गेल्या महिन्यांत मीं वयाचीं पंचावन्न वर्षें पुरीं केलीं आणि घरांत निवृत्तीचे हिशेब सुरू झाले. अशा वेळीं सीलाकँथ माशाची हकीकत वाचून मनाला दिलासा मिळाला. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्याचा वंश बुडाला असें शास्त्रज्ञ समजत होते, तो हा मासा १९३८ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत जिवंत सांपडला! दिवसा तो शंभर-दोनशें मीटर खोल, काळोख्या गुहांत पडून असतो. रात्रीं मांसल पर हलवीत सावकाश भक्ष्य शोधतो. २०२१ सालीं फ्रेंच संशोधकांनीं त्याच्या खवल्यांवरील वलयें मोजून अनुमान काढलें, कीं त्याचें आयुष्य सुमारें शंभर वर्षांचें. पिलूं पोटांत पांच वर्षें वाढतें. आणि मासा वयांत येतो तो पंचावन्नाच्या सुमारास!

मीं ऐटींत ही वार्ता पत्नीस सांगितली. ती हंसून म्हणाली, "मग त्याला निवृत्त कोण करतो?"

"जाळें," मी म्हणालों, आणि माझें हंसूं मावळलें. शार्कसाठीं खोलवर सोडलेल्या जाळ्यांत असा मासा अडकला, म्हणजे अर्धशतकाची तयारी एका रात्रींत फुकट जाते. माझ्या जागीं उद्यां दुसरा प्राध्यापक येईल. त्याच्या जागीं दुसरा यावयास आणखी पंचावन्न वर्षें लागतील.