माळाची गोधडी

कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे ‘माळ’ म्हटलं की मला गळ्यातली माळच आठवायची. ‘तो माळ’ मला भेटला सेकंड इयरला, धुळे जिल्ह्यातल्या एका गावी, एन.एस.एस.च्या कॅम्पमध्ये. मुरमाड आणि पार बोडका! पाऊस पडला की पाणी वरच्या वर पळतं आणि मातीही सोबत नेतं.

आमचं काम होतं वाटेवरची बोरी-बाभळीची झुडपं छाटायचं. आम्ही फांद्यांचे ढीग रचले आणि दिले पेटवून. फोटो झकास आले! एक बाबा बराच वेळ बघत होते. शेवटी न राहवून अहिराणीत म्हणाले, “कसाले जाळतस रे भाऊ?” चारा नाही म्हणून त्यांनी त्याच वर्षी एक गाय विकली होती. उरलेल्या एका ढिगातल्या फांद्या त्यांनी आमच्याकडून उतारावर आडव्या पसरून घेतल्या, वर दगड ठेवायला लावले. म्हणाले, जमिनीलाही गोधडी लागते.

आम्ही हसलो. खरं सांगतो, मी सगळ्यात जास्त हसलो.

सप्टेंबरमध्ये पुन्हा गेलो. बाकीचा उतार तसाच बोडका, आणि त्या पट्ट्यात फांद्यांच्या जाळीतून गवत वर आलेलं! माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

यामागचं इंजिनिअरिंग साधं आहे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटला की वर पापुद्रा बसतो, मग पाणी मुरत नाही. फांद्या तो मार झेलतात, वाहती माती आणि गवताचं बी अडवतात. जळगावच्या ४५ डिग्रीत आपण खिडकीला ओली चादर लावतो ना, तशी सावली आणि ओल धरतात. वाळवी फांद्या खाते, तिच्या बिळांतून पाणी खाली जातं. काट्यांमुळे कोवळ्या गवताला शेळ्या तोंड लावत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या कुरणांवरही हीच युक्ती वापरतात. फक्त झुडूप मुळासकट उपटायचं नाही आणि वेड्या बाभळीच्या शेंगा लागलेल्या फांद्या पसरायच्या नाहीत, नाहीतर गवताऐवजी तिचंच रान माजेल. थरही विरळ हवा, कोंब वर यायला.

अर्थात, एका पट्ट्यानं माळ सुधारत नाही. धुळे तालुक्यातल्या लामकानीत डॉ. धनंजय नेवाडकरांच्या पुढाकाराने गावाने चर खणले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी वर्षानुवर्षं पाळली, तेव्हा कुठे डोंगर गवताने झाकला. गोधडी घातली तरी ती कोणी ओढून नेऊ नये, हे गावानेच बघायचं असतं.

आम्ही जाळलेले ढीग परत येणार नाहीत. बाबांची गायही नाही. पण मित्रांनो, यंदाच्या कॅम्पच्या सामानाची यादी माझ्याकडे आहे. काडेपेटी मिळेल, फक्त चहापुरती!