वहीतला कोरा दिवस

सहलीची तयारी म्हटली की आपल्याकडे ती बायकांनीच करायची असते. पुरुष मंडळी गाडी धुतात, टायरवर दोन लाथा मारून बघतात आणि "झाली तयारी" म्हणून मोकळे होतात. आमच्याकडेही तेच होतं. फरक इतकाच, की २०२२ साली आमची सहल महाबळेश्वरची नव्हती, स्पितीची होती.

स्पिती म्हणजे हिमाचल प्रदेशातला तिबेटच्या सीमेला लागून असलेला थंड, कोरडा, ओसाड डोंगराळ मुलूख. दोन गावांमध्ये तीस-तीस किलोमीटर माणूस दिसत नाही. आमच्या ह्यांचं संगमनेरला शेतीपंपांचं दुकान आहे. शेतावर जायला म्हणून त्यांनी जुनी थार घेतली, चारही चाकांना जोर देणारी, फोर बाय फोर म्हणतात ती. गाडी आली आणि ह्यांना हिमालय दिसू लागला. "आपण, चिरंजीव आणि तंबू. हॉटेलची कटकट नको," म्हणाले.

सासूबाईंनी आधी पितृपक्ष काढला. "पक्षात कोण फिरायला जातं गं?" पण त्यांची खरी भीती वेगळी होती. ऑगस्ट २०२१ मध्ये किन्नौरमधल्या निगुलसरीला दरड कोसळून सरकारी बस गाडली गेली, अठ्ठावीस माणसं गेली, ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. आणि आमचा रस्ता तिथूनच जाणार होता. मी त्यांना फसवं काही सांगितलं नाही. म्हटलं, "आई, मी सगळं लिहून काढते. तुम्हाला वाचून दाखवते. नाही पटलं तर नाही जात." शाळेतली जुनी शंभर पानी वही घेतली. अर्धवेळ का होईना, मास्तरीण आहे मी. वहीशिवाय मला विचार करता येत नाही.

पहिल्या पानावर मुक्काम लिहिले आणि प्रत्येक मुक्कामापुढे त्याची उंची. हे मला आमच्या डॉक्टरांनी शिकवलं. तीन हजार मीटरच्या वर गेलं की रोजचा झोपण्याचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त चढवायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. हवा विरळ असते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून मनालीकडून एकदम वर न जाता सिमल्याकडून जायचं ठरलं. नारकंडा २,७०० मीटर, कल्पा २,९६०, ताबो ३,२८०, मग काझा, ते साडेतीन हजारांच्या वर. शेवटी चंद्रताल सरोवर, ४,२५०च्या आसपास. काझापुढे मी दोन दिवसांच्या जागी "विश्रांती" लिहिलं आणि त्याशिवाय एक ओळ कोरी सोडली.

"ही कोरी ओळ कशाला?" ह्यांनी विचारलं.

"दरड पडली, गाडी बिघडली, कुणाला ताप आला, तर."

"म्हणजे काही झालं नाही तर एक दिवस फुकट!" दुकानदार माणूस.

तेलाचा, म्हणजे डिझेलचा, हिशेब सोपा होता. काझाला पंप आहे. तिथून कुंझुम खिंड ओलांडून ग्राम्फूपर्यंत एकही नाही. आपल्याकडे लिटरला जितके किलोमीटर पडतात त्याच्या निम्मे धरायचे, कारण दगडगोट्यांतून लो गिअरमध्ये गाडी रखडत चालते. काझाला टाकी गच्च आणि वर वीस लिटरचा कॅन. किलोमीटरही तसेच मोजायचे. बातल ते ग्राम्फू पन्नास किलोमीटर ऐकून चिरंजीव म्हणाला, "तासाभराचं काम." मी वहीत पाच तास लिहिले.

ह्यांनी टोचनाची पट्टी, हवा भरायचा पंप, पंक्चरचं सामान, दुसरी स्टेपनी सगळं जमवलं. मी त्यात माळ्यावरचा एक जुना लाकडी पाट घातला. ह्यांना हसू आवरेना. पण भुसभुशीत जमिनीत जॅक लावला की गाडी उचलायच्या ऐवजी जॅकच खाली रुततो, खाली काहीतरी रुंद हवंच. पुढे नाकोच्या अलीकडे पंक्चर झालं तेव्हा तो पाट बाहेर निघाला, आणि कुणी हसलं नाही.

आता आपल्या खात्याकडे येऊ. तीन लिटरचा कुकर अडगळ वाटला तरी न्यायचाच. जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. चंद्रतालच्या उंचीला ते ८६-८७ अंशांनाच खदखदू लागतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ दोन तास ठेवा, दाणा न् दाणा मोजून घ्या! मी तूर नेलीच नाही. मुगाची डाळ-तांदूळ भाजून, त्यात हळद, हिंग, मीठ घालून एका वेळेच्या पुड्या बांधल्या. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, सातूचं पीठ, गूळ, दशम्या पहिल्या तीन दिवसांच्या. तिळाचे लाडू मात्र जास्त केले. वर गेल्यावर भूक मरते, जेवण नको होतं, पण एक लाडू जातो. ठरल्यापेक्षा तीन दिवसांचा शिधा जादा घेतला आणि तो वेगळ्या पिशवीत शिवून टाकला. शिवला नसता तर ह्यांनी इंदूर यायच्या आत भडंग संपवलं असतं. (पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, चंद्रतालला अवेळी बर्फ पडून अडीचशेहून जास्त प्रवासी कित्येक दिवस अडकले. ती बातमी वाचताना मला ती शिवलेली पिशवी आठवली.)

शेगडी तंबूत पेटवायची नाही, कितीही थंडी वाजो. बंद जागेत विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. हे मी वहीत लाल शाईनं लिहिलं.

आणि बायकांची अडचण. कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. त्या मुलखात झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणून गाडीचं दार. पायघोळ, घेरदार गाऊन, बागेतलं खुरपं, कागद आणि झाकणाचा डबा एवढं जवळ असलं की निभतं. ओढ्यापासून लांब जायचं, खड्डा करायचा, बुजवायचा, आणि जे मातीत मुरणार नाही ते डब्यात घालून परत आणायचं. तारीख पुढे-मागे होते, प्रवासात तर होतेच. तेव्हा नाही म्हणून निघायचं नाही.

वहीतली शेवटची नोंद मात्र भांडणाची ठरली. "गाडी चालवणारे: दोन." दुसरी मी. मला गाडी येत होती, बाजारहाटापुरती. घाटात ह्यांनी कधी चाक हातात दिलं नव्हतं. मी म्हटलं, तुम्ही आजारी पडलात तर मी आणि बारा वर्षांचं पोर तिथे काय करणार? ह्यांना तो अपशकुन वाटला. सासूबाईच माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या. "शिकव रे तिला," म्हणाल्या. उन्हाळ्यात चार रविवार आम्ही प्रवरेच्या कोरड्या पात्रात गेलो. वाळूत, गोट्यांत मी लो गिअर शिकले. उतारावर ब्रेक दाबायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनानंच गाडी धरू द्यायची. पाण्यात शिरायच्या आधी गिअर टाकायचा, मध्ये बदलायचा नाही, थांबायचं नाही. काठावर म्हशी धुणारी पोरं टाळ्या वाजवत होती.

तंबूची रंगीत तालीम गच्चीवर झाली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मुंज आहे का गं?"

गौरी-गणपती पोचवले आणि आम्ही निघालो. धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत चंदीगड, मग नारकंडा. तिथपर्यंतचं काय सांगायचं, सगळ्यांचे प्रवास सारखेच. कल्पाच्या पुढे मात्र दरड पडली होती. रस्ता एक दिवस बंद. कोरा दिवस तिथेच संपला, आणि तो त्याचसाठी होता. पण ताबोहून काझाला पोचलो तेव्हा ह्यांची घाई सुरू झाली. दुकान नोकरांवर, चिरंजीवाची शाळा, माझी बिनपगारी रजा. "एक रात्र झाली की निघू. मला काही होत नाहीये." त्याच दुपारी आम्ही हिक्कीमचं पोस्ट ऑफिसही उरकलं. ४,४०० मीटर उंचीवरचं ते इवलंसं पोस्ट. तिथून मी सासूबाईंना कार्ड टाकलं. हे तिथे पोरासारखे चढावर पळत होते.

विश्रांतीचे दोन दिवस मी वहीत खोडले. माझ्या हातानं, माझ्याच पेनानं. भांडण नको म्हणून. आपण बायका किती गोष्टी "भांडण नको" म्हणून खोडतो, नाही?

कुंझुम खिंड ४,५५१ मीटर. तिथल्या देवीला हात जोडले आणि उतरून चंद्रतालला गेलो. सरोवराच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, ती योग्यच आहे. काही किलोमीटर अलीकडे राहुट्यांची जागा आहे. तिथल्या एका माणसाला विचारून, पैसे देऊन त्याच्या शेजारी आमचा तंबू लावला. संध्याकाळी सरोवराचा रंग तीनदा बदलला. ह्यांनी पाहिलं नाही. डोकं दुखतंय म्हणून गाडीत बसून राहिले.

रात्री अकराला उलटी झाली. साडेबाराला दुसरी. झोप नाही. चिरंजीव उठून बसला होता, काही बोलत नव्हता. मोबाईलला रेंज नव्हती. वहीत डॉक्टरांनी सांगितलेलं लिहिलं होतं, ते बॅटरीच्या उजेडात वाचलं. डोकेदुखी आणि उलटी असेल तर वर जायचं नाही. पण चालताना तोल गेला, असंबद्ध बोललं, किंवा आडवं पडूनही धाप लागली, तर थांबायचं नाही, असेल त्या वेळी खाली उतरायचं.

"अहो, उठा. चालून दाखवा."

"आता?"

"आता. टाचेला अंगठा लावून, सरळ."

बाहेर हाडं गोठवणारी थंडी. दोन स्वेटर, वर माझी शाल, अशा अवतारात हे बॅटरीच्या झोतात पावलाला पाऊल लावत दहा पावलं चालले. रेघ सरळ होती. सासूबाईंचं नाव विचारलं, दुकानाचा नंबर विचारला. बरोबर सांगितलं, वर चिडलेही. चिडले तेव्हा मला बरं वाटलं. राहुटीवाल्याला उठवलं. त्याच्याकडे ऑक्सिजनचं नळकांडं होतं, ते मागून ठेवलं. तो म्हणाला, "भाभीजी, यह टाइम देता है, इलाज नीचे है." अंधारात त्या रस्त्यावर उतरायचं, की उजाडेपर्यंत थांबायचं? मी दर तासाला त्यांना चालवायचं ठरवलं. रेघ वाकडी झाली की त्या क्षणी निघायचं. दोनला चालवलं. तीनला चालवलं. चारला म्हणाले, "अगं, परीक्षा किती घेशील?"

उजाडायला लागताच निघालो. तंबू तसाच गुंडाळून मागे कोंबला. चाक माझ्या हातात. शेजारी हे, डोळे मिटून. मागे चिरंजीव वही उघडून. एका बाजूला चंद्रा नदी, दुसऱ्या बाजूला कडा, आणि रस्ता म्हणजे नुसते गोटे. पहिला गिअर, लो. माझे हात इतके घट्ट होते की बातलला थांबले तेव्हा बोटं सरळ होईनात.

छोटा दर्‍याच्या अलीकडे ओढा आडवा आला. वितळलेल्या बर्फाचं पाणी सकाळी कमी असतं आणि दुपारनंतर चढतं, हे वहीत होतं म्हणूनच मी उजाडताच निघाले होते. तरीही तो आवाज! पुढे गाडी नाही, मागे नाही. काठी घेऊन उतरले, काठावरूनच चाचपलं. पाणी गुडघ्याच्याही खाली. चिरंजीव म्हणाला, "आई, प्रवरेसारखं कर." शिरले. मधल्या दगडावर गाडी तिरकी झाली, माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला. ह्यांनी डोळे न उघडताच म्हटलं, "पाय काढ. ओढतीय ती." पाय काढला. गाडी पलीकडे.

ग्राम्फू, मग उतरून कोकसर. पन्नास किलोमीटरांना साडेपाच तास लागले. माझाही अंदाज अर्ध्या तासानं चुकला. कोकसरला ह्यांनी चहा मागितला, मग पराठा, मग दुसरा. डोकं उतरलं होतं. २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्यातून दुपारी मनालीला पोचलो. डॉक्टरांनी तपासलं, दोन दिवस विश्रांती सांगितली. ते माझ्याच वहीतले दोन दिवस, खोडलेले.

परतीच्या वाटेवर ह्यांनी चाक परत मागितलं. मी जयपूरपर्यंत दिलं नाही.

घरी पोचल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं, ओढ्यासकट. त्या एवढंच म्हणाल्या, "खोडलंस कशाला?" त्यानंतर काही दिवसांनी पोस्टमननं हिक्कीमचं कार्ड आणून दिलं. त्यांनी ते देवघरातल्या फळीवर समईमागे उभं ठेवलंय, अजून तिथेच आहे. माझ्या अक्षरात लिहिलंय, "सर्वांच्या प्रकृती उत्तम आहेत. उद्या चंद्रतालला जात आहोत. काळजी नसावी."