बिवळ्याचा भाऊ

आमच्या घरात झाडांचा हिशेब घनफुटांत होतो. माझे वडील लाकूडतोडीच्या कामावर जातात. पंधराव्या वर्षी त्यांच्या हातात कुऱ्हाड आली, पुढे दोघांनी ओढायची करवत आली, आणि गेली दहाबारा वर्षे पेट्रोलवर चालणारा कटर आहे. कोकणात बरेचसे रान खाजगी मालकीचे. मालक ठेकेदाराला रान देतो, ठेकेदार टोळी लावतो आणि त्या टोळीत बाबा असतात. ऐन, किंजळ, जांभूळ, कधी म्हातारा झालेला आंबा. सरळ ओंडका वखारीत जातो, फांद्यांचा जळाऊ माल होतो. माझी अकरावीची फी एका ऐनातून निघाली आणि कॉलेजच्या प्रवेशाचे पैसे दोन किंजळींतून, असे आई बोलता बोलता सांगून जाते. तिच्या सांगण्यात टोमणा नसतो. दुसऱ्या कुणाच्या घरी भाताच्या पोत्यांतून फी निघते, तसेच ते.

पहिल्या वर्षाला आम्हां सर्वांना पर्यावरणाचा पेपर असतो. 'वृक्षतोडीची कारणे व परिणाम' हा प्रश्न मी मन लावून लिहिला. गुण चांगले पडले. घरी मी एकूण गुण सांगितले, प्रश्न सांगितला नाही.

माझे धाकटे काका सैन्यात आहेत. त्यांची बदली अंदमानला झाली तेव्हा आजीला वाटले, आता पोरगा काळ्या पाण्यावर गेला. दोन वर्षे झाली आणि परत बदलीचे वारे वाहू लागले, तेव्हा काकांचा फोन आला, "दादा, मी इथं आहे तोवर येऊन जा. पुन्हा जन्मात येणार नाही." बाबा नाहीच म्हणणार होते. पण आईने कधी नव्हे तो हट्ट धरला, आणि गेल्या डिसेंबरात आई, बाबा, माझा धाकटा भाऊ बंड्या आणि मी असे चौघे निघालो. चेन्नईपर्यंत रेल्वे आणि तिथून जहाज. जहाजावर तीन दिवस जातात. त्या तीन दिवसांबद्दल लिहिण्यासारखे एवढेच, की आईने दोन दिवस डोळे उघडले नाहीत आणि बाबांनी जहाजाच्या जेवणात पहिल्यांदा इडली खाल्ली.

पोर्ट ब्लेअरचे नाव 2024 पासून श्री विजयपुरम झाले आहे. काकांच्या तोंडी मात्र अजून जुनेच नाव आहे. पहिल्या दिवशी सेल्युलर जेल पाहिले. मराठी माणूस तिथे जातो तो सावरकरांच्या कोठडीसाठी. 1911 ते 1921 ही त्यांची तिथली वर्षे. आम्हीही त्या कोठडीपाशी उभे राहिलो. त्याविषयी जाणत्यांनी पुष्कळ लिहिले आहे. मी लिहिणार आहे ते दुसऱ्या दिवसाविषयी.

दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हांला माउंट हॅरिएटला नेले. चॅथम बेटावरून बोटीने खाडी ओलांडायची, पलीकडे बांबू फ्लॅट नावाचा धक्का लागतो, तिथून जीप. डोंगर फार उंच नाही, सुमारे तीनशे ऐंशी मीटर. पण समुद्रातून एकदम वर चढलेला असल्याने तो उंच वाटतो. नावाची गंमत आहे. 1862 ते 1864 या काळात इथे टायटलर नावाचा अधिकारी होता, त्याच्या बायकोचे नाव हॅरिएट. बायकोच्या नावाने डोंगर! पुढे 1891 च्या युद्धानंतर मणिपूरच्या राजासह काही जणांना इंग्रजांनी याच डोंगरावर आणून ठेवले, म्हणून 2021 मध्ये सरकारने त्याचे नाव माउंट मणिपूर केले. पायथ्याच्या होपटाउन धक्क्यावर 1872 साली शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकले. वर जाताना एका वळणावरून खाली दीपगृह दिसते. जुन्या वीस रुपयांच्या तांबूस नोटेवर मागच्या बाजूला तेच चित्र होते. बंड्याने बाबांच्या पाकिटात वीसची नोट शोधली ती नवी निघाली; तिच्यावर आपले वेरूळ. तो बराच वेळ हिरमुसला होता.

माथ्यापासून रानातून एक पायवाट काळा पत्थर नावाच्या कड्यापर्यंत जाते. जायला दोनअडीच किलोमीटर आणि तेवढेच परत. पुढे हीच वाट मधुबनच्या किनाऱ्यापर्यंत उतरते, पण आई बरोबर असताना तो विचार नव्हता. निघताना तिने काकांना विचारले, "भावोजी, वाघबिघ?" काका म्हणाले, "वहिनी, इथं वाघ नाही, बिबट्या नाही, कोल्हा नाही. माकडसुद्धा नाही." माकड नाही हे ऐकल्यावर आईचा चेहरा उजळला. आमच्याकडे पपई आणि फणस तिने माकडांशी भांडून वाचवलेले असतात. "मग ही माणसं सुखी असतील," असे ती म्हणाली आणि पदर खोचून सर्वांच्या पुढे चालू लागली.

मी रानात वाढलेली मुलगी आहे. रान मला नवे नाही. पण आमचे रान वीसपंचवीस वर्षांत एकदा तुटते, बुंध्यापासून पुन्हा फुटते, पुन्हा तुटते. त्यामुळे आमच्याकडची झाडे माणसाच्या वयाची असतात, फार तर आजोबांच्या. इथे मान मागे टाकली तरी पहिली फांदी दिसेना. गर्जन नावाचे झाड तर मंदिराच्या खांबासारखे सरळ वर गेलेले, आणि फांद्या कुठे तरी आभाळापाशी. त्याच्या खाली दुसरी झाडे, त्यांच्या खाली तिसरी, आणि तळाशी वेत आणि जाड वेली. दुपारी अकरा वाजता पायाखाली संध्याकाळचा उजेड होता. या बेटांवर दोन्ही पावसाळे येतात, आपल्याकडे येणारा आणि परतीचाही. बेटांचा चार पंचमांशांहून अधिक भाग अजून रानाखाली आहे.

बाबा माथ्यापर्यंत काकांशी शेतीचे, ठेकेदाराचे बोलत होते. पायवाटेला लागल्यावर ते गप्प झाले. मी त्यांच्या मागे चालत होते. ते झाडाकडे कसे पाहतात हे मला ठाऊक आहे: आधी बुंधा, मग सरळपणा, मग पोकळ आहे का, मग पडेल कुठे. एका अजस्र पडौकापाशी ते थांबले. बुंध्यापासून चारी बाजूंना फळ्यांसारखी रुंद मुळे निघाली होती, माझ्या डोक्याच्याही वर. बाबांनी एका मुळावर बोटाच्या पेराने टकटक केले. "मातीत खोल जाता येत नसंल, म्हणून झाडानं आपणच आपल्याला धिरे दिलेत," ते म्हणाले. आमच्या पुस्तकात याच गोष्टीला अर्धे पान दिले आहे.

मग त्यांनी हिशेब केला. सवयच ती. मुळांच्या वरची गोलाई अंदाजाने सोळा फूट. तिचा चौथा हिस्सा चार. चार चोक सोळा. फांदीपर्यंतची लांबी साठ फूट. "साडेनऊशे घनफूट," ते म्हणाले, "वर दहा." बाबा चौथीपर्यंत शिकले आहेत. एवढे म्हणून ते हसले नाहीत, की पुढेही गेले नाहीत. आमच्या गावच्या सबंध टोळीला महिनाभर जेवढा सरळ माल मिळत नाही, तेवढा एका बुंध्यात उभा होता.

"किती वर्षांचे असेल?" बंड्याने विचारले. काकांनी ठोकून दिले, "असेल पाचशे." बाबांनी मान हलवली. "सागाची कडी मोजता येतात, वर्षाला एक. जिथं बारमाही ओल असते तिथल्या पुष्कळ झाडांना कडी सरळ नसतात. आणि मोजायची तरी ते पाडायला लागंल." हे शेवटचे ते अगदी सहज म्हणाले. मला मात्र ते वाक्य रस्ताभर पुरले.

त्या झाडाखालीच पालापाचोळ्यात त्यांना ते सापडले. रुपयाहून मोठी, वाटोळी, पातळ चकती, मध्ये फुगीर बी आणि भोवती पापडासारखी कड. गेल्या हंगामातली, अर्धी जाळी पडलेली. बाबांनी ती हातावर घेतली, उलटी केली, उजेडाकडे धरली. "अगं, हा तर बिवळा!"

बिवळा, म्हणजे पुस्तकातला बिबळा, आमच्या बांधावर आहे. साल खरवडली की रक्तासारखा तांबडा चीक येतो, म्हणून लहानपणी आम्ही त्याला हात लावत नसू. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवायचे आणि सकाळी मधुमेहवाल्याने प्यायचे, असा आमच्याकडे प्रघात आहे. त्याची शेंग हुबेहूब अशीच चकतीसारखी. मी परत आल्यावर ग्रंथालयात पाहिले. बिबळा, पडौक आणि आंध्रातले रक्तचंदन, तिन्ही एकाच कुळीची, शास्त्रीय नावाचा पहिला शब्द तिघांचा एकच. मी ग्रंथालयात शोधले ते बाबांनी तिथे उभ्या उभ्या शेंगेवरून ओळखले होते. "बिवळ्याचा भाऊ हाय ह्यो," ते आईला सांगू लागले, "इतक्या लांब समुद्रात!" मुंबईत गावचा माणूस भेटावा तसा त्यांना आनंद झाला होता. त्यांनी शेंग खिशात टाकली, पण काकांनी सांगितले की हे राष्ट्रीय उद्यान आहे, इथून पानसुद्धा न्यायचे नाही. बाबांनी ती काढून जिथून उचलली तिथेच ठेवली आणि वर थोडा पाला ओढला.

काळ्या पत्थरावर बसून आम्ही चपात्या खाल्ल्या. तिथे मी ग्रेट निकोबारचा विषय काढला. तो मला पेपरासाठी टिपून ठेवावा लागला होता. इथून दक्षिणेला पाचशेक किलोमीटरवरचे ते बेट. तिथे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि शहर उभारायला 2022 मध्ये मंजुरी मिळाली. त्यासाठी सुमारे एकशे तीस चौरस किलोमीटर रान द्यायचे आहे, आणि 9 लाख 64 हजार झाडे तुटतील असा अंदाज 2023 मध्ये संसदेत सांगितला गेला. बदली झाडे लावायची ती हरियाणात.

काका म्हणाले, "देशाच्या संरक्षणाचाही प्रश्न आहे, ते आपण बोलू नये." आई म्हणाली, "हरियाणात कशी लावणार? तिथं पाऊस असतो का एवढा?" बाबा काहीच बोलले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "किती म्हणालीस?" मी आकडा पुन्हा सांगितला. ते बोटांवर मोजू लागले. "आमची टोळी चौघांची. मोठी झाडं धरली तर दिवसाला दहा, त्याच्या वर नाय. म्हणजे शहाण्णव हजार चारशे दिवस." पुढचा भागाकार त्यांनी मला करायला सांगितला. एक दिवस सुट्टी न घेता दोनशे चौसष्ट वर्षे.

"बाबा, तुम्हांला तिथं काम मिळालं तर जाल?" मी विचारले. आईने माझ्याकडे रागाने पाहिले. बाबा म्हणाले, "मजुरी मिळाली तर जाईन. मी नाय गेलो तर झाडं राहतील असं हाय का?" मग थोडे थांबून, "पण ह्ये मघाचं पाडायला मला नको सांगू दे कुणी." या दोन वाक्यांचा मेळ कसा घालायचा, हे मला पेपरात कुणी विचारले नव्हते. व्याख्यानात आम्ही 'मानव' झाडे तोडतो असे म्हणतो. तो मानव माझ्यासमोर बसून चपातीचा शेवटचा तुकडा बंड्याला देत होता. ठेकेदाराला, मालकाला, आराखडा करणाऱ्याला आणि त्यांना एकाच शब्दात बसवणे मला पटत नाही, आणि त्यांना त्यातून अगदी वगळणेही जमत नाही.

परतताना चॅथमची सरकारी सॉ मिल पाहिली. 1883 सालची ती. 1942 मध्ये जपान्यांनी टाकलेल्या बाँबचा खड्डा अजून आवारात राखून ठेवला आहे. या बेटांवरची झाडे तोडली ती 1858 पासून इथे आणलेल्या कैद्यांनी, आणि पुढे विसाव्या शतकात रांचीकडून आणलेल्या आदिवासी मजुरांनी. रान ज्यांचे होते त्या मूळच्या लोकांपैकी ग्रेट अंदमानी जमातीची आज जेमतेम पन्नासेक माणसे उरली आहेत. 2002 साली सर्वोच्च न्यायालयाने तोडीवर कडक बंधने घातली. आम्ही गेलो तेव्हा गिरणीत पडौकाचा एक तांबडा ओंडका चढला होता. बाबा कठड्याला टेकून पाहत राहिले. करवतीपाशी त्यांच्याच वयाचा एक कामगार होता. त्याचे आजोबा रांचीहून आले होते. बाबांचे हिंदी ते काय! पण दोघांनी करवतीच्या दातांवर, पाण्यावर, भुशावर अर्धा तास बोलणे केले. शेवटी त्या माणसाने विचारले, मुलगी काय करते. बाबा म्हणाले, "कॉलेज में है." त्याने आपल्या मुलाचेही तेच सांगितले.

आमच्या बांधावरच्या बिवळ्याला ठेकेदाराने दिवाळीतच मागणी घातली होती. 1964 च्या कायद्याप्रमाणे परवानगी काढावी लागते, ती तो काढणार आहे. बंड्याची दहावी यंदा आहे आणि पुढे त्याला शहरात ठेवायचे आहे. आम्ही परतल्यापासून ठेकेदार दोनदा येऊन गेला. पहिल्या वेळी बाबांनी गोलाई मोजून पाहू म्हणून सांगितले. दुसऱ्या वेळी टेप घेऊन बांधावर गेले, बराच वेळ तिथेच होते, आणि परत आल्यावर आईने किती भरले म्हणून विचारले तर म्हणाले, "शेंगा लागल्यात भरपूर. त्या पडू देत आधी."